गुप्त रेडिओच्या उषाबाई

पावसाळ्यांत तुंगार्लीच्या धरणाच्या भिंतीवर उभें राहिलें असतां खालचें लोणावळें धुक्यांत पार बुडून गेलेलें असतें. डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. कानांना मात्र सर्व ऐकूं येतें. घाट चढून आलेल्या आगगाडीची शिटी, बाजारांतील गलबला, देवळांतील घंटा हे सारे आवाज धुकें भेदून वर येतात. जें दिसत नाहीं तें ऐकूं येतें, आणि ऐकल्यावर मन त्याचें चित्र आपोआप रंगवूं लागतें. रेडिओची सारी मोहिनी ह्या एका गोष्टींत सांठविलेली आहे.

दूरचित्रवाणी घरोघर येण्यापूर्वीं जगांतील मुलांना साहसाच्या गोष्टी ऐकविण्याचें काम रेडिओ करीत असे. अमेरिकेंत तर १९३० नंतरच्या वीस वर्षांत अशा मालिकांचें जणूं पीकच आलें होतें. त्यांपैकीं ‘कॅप्टन मिडनाइट’ ही मालिका विशेष गाजली. १९३८ सालीं ती कांहीं थोड्या केंद्रांवरून सुरू झाली, १९४० मध्यें देशभर ऐकूं येऊं लागली व १९४९ पर्यंत चालली. एक धाडसी वैमानिक, त्याचें गुप्त पथक आणि त्यांचे कपटी शत्रू यांची कथा रोज पंधरा मिनिटें चाले, आणि ऐन संकटाच्या क्षणीं तो भाग संपे. ओव्हल्टीन कंपनीकडून ह्या मालिकेच्या बालश्रोत्यांना सांकेतिक लिपि उलगडणारा एक बिल्ला मिळत असे. रेडिओवरून आंकडे सांगितले जात; मुलें तो बिल्ला फिरवून गुप्त निरोप वाचीत आणि आपणही त्या पथकाचे शिपाई आहों अशा आनंदांत झोपीं जात.

परंतु त्याच वर्षांत आपल्या मुंबईंत, कोणीही न रचलेली अशीच एक कथा खरोखर घडत होती. तींतही रेडिओ होता, गुप्त पथक होतें, रोजचा पाठलाग होता आणि प्रत्येक भाग संकटाच्या क्षणीं संपत होता. फरक इतकाच कीं, ह्या कथेंतील पात्रांना उद्यांच्या भागाची शाश्वती नव्हती. ह्या कथेची नायिका बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी होती. तिचें नांव उषा मेहता. तिचें चरित्र आपणां विद्यार्थ्यांना मनोरंजक तर वाटेलच, पण त्याहूनही अधिक उपयोगी वाटेल, म्हणून तें येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

उषाबाईंचा जन्म २५ मार्च १९२० रोजीं सुरत जिल्ह्यांतील सरस नांवाच्या लहानशा खेड्यांत झाला. त्यांचे वडील हरिप्रसाद मेहता हे ब्रिटिश अमदानींत न्यायाधीश होते. घरांत विद्या होती, प्रतिष्ठा होती आणि सरकारी नोकरीमुळें येणारें बंधनही होतें. उषा पांच वर्षांची असतां तिनें अहमदाबादेच्या आश्रमांत महात्मा गांधींना प्रथम पाहिलें. पुढें लवकरच गांधीजींनीं तिच्या गांवाजवळ एक शिबिर भरविलें. त्या शिबिरांत ही चिमुकली मुलगी जाऊन बसली, तेथील भाषणें तिनें ऐकलीं आणि थोडें सूतही कांतलें. लहानपणीं मनावर उमटलेला ठसा किती खोल जातो ह्याचें हें एक उत्तम उदाहरण होय. कारण त्या दिवशीं हातांत घेतलेला धागा तिनें पुढील पंचाहत्तर वर्षें सोडला नाहीं.

१९२८ सालीं सायमन कमिशन हिंदुस्थानांत आलें. देशभर त्याचा निषेध झाला व मिरवणुका निघाल्या. आठ वर्षांची उषाही त्यांतील एका मिरवणुकींत होती. ह्याच बालपणांतील एक प्रसंग त्या पुढें नेहमीं सांगत असत. मुलांच्या एका मिरवणुकीवर पोलिसांनीं लाठ्या चालविल्या, तेव्हां निशाण धरणारी एक मुलगी निशाणासकट खालीं पडली. आपण पडल्याचें दुःख कोणालाच वाटलें नाहीं. निशाण पडलें ह्याचें मात्र सर्वांना फार वाईट वाटलें. मुलें रडत मोठ्या माणसांकडे गेलीं. तेव्हां निशाणाच्या रंगांचें कापड आणून मुलांना तसे पोशाख शिवून देण्यांत आले. दुसऱ्या मिरवणुकींत निशाण कोणाच्याच हातांत नव्हतें, कारण प्रत्येक मूलच निशाण झालें होतें! आतां पोलिसांना तें पाडतां येणार नव्हतें. संकट आलें म्हणजे हट्ट सोडावयाचा नाहीं, पण युक्ति मात्र बदलावयाची, हा धडा उषेला आठव्या वर्षींच मिळाला. तो पुढें चौदा वर्षांनीं तिच्या कामास आला.

वडिलांची स्थिति मात्र अवघड होती. न्यायासनावर बसणाऱ्या गृहस्थाच्या मुलीनें सरकारविरुद्ध मिरवणुकींत जावें, हें त्यांना कसें चालावें? त्यांनीं मुलीला ह्या गोष्टींपासून परावृत्त करण्याचा यत्न केला. १९३० सालीं ते सेवानिवृत्त झाले, आणि १९३२ सालीं हें कुटुंब मुंबईस राहावयास आलें. मग मात्र तें बंधन उरलें नाहीं. बारा वर्षांची उषा इतर मुलांबरोबर चळवळीचीं गुप्त पत्रकें वांटूं लागली. तुरुंगांतील सत्याग्रहींना भेटावयास जाऊन त्यांचे निरोप त्यांच्या घरीं पोंचवूं लागली. ह्याच सुमारास तिनें आजन्म अविवाहित राहण्याचा, खादीच वापरण्याचा आणि चैनीच्या वस्तूंना शिवावयाचें नाहीं असा निश्चय केला. लहान वयांत केलेले निश्चय बहुधा पावसाळ्यांतील ओढ्यांसारखे असतात; चार महिने खळाळतात आणि मग आटतात. उषाबाईंचा निश्चय मात्र आमच्या तळ्यांच्या पाण्यासारखा भर उन्हाळ्यांतही टिकला.

अभ्यासाकडे त्यांनीं कधींच दुर्लक्ष केलें नाहीं. मॅट्रिकच्या परीक्षेंत त्या वरच्या पंचवीस विद्यार्थ्यांत आल्या व नंतर विल्सन कॉलेजांत दाखल झाल्या. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं घातलेल्या पायावर हें विद्यालय उभें आहे, आणि त्याची दगडी इमारत चौपाटीच्या समुद्राकडे तोंड करून उभी आहे. ह्या कॉलेजांतून १९३९ सालीं तत्त्वज्ञान हा विषय घेऊन उषाबाई पहिल्या वर्गांत पदवीधर झाल्या आणि पुढें कायद्याचा अभ्यास करूं लागल्या. वडिलांप्रमाणें त्याही एके दिवशीं न्यायालयांत जाणार, असें तेव्हां कोणासही वाटलें असतें. त्या न्यायालयांत गेल्याही; पण आरोपी म्हणून.

८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईंत गवालिया टँकच्या मैदानावर काँग्रेसच्या महासमितीनें ‘चले जाव’चा ठराव संमत केला. दुसरे दिवशीं पहांटेच गांधीजी व इतर थोर पुढारी पकडले गेले. वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण बसलें. देशांत ठिकठिकाणीं लोक उठले होते, गोळीबार होत होते, तारा तुटत होत्या. पण एका गांवची बातमी दुसऱ्या गांवास कळेनाशी झाली. सरकारी रेडिओ सरकारला हवें तेवढेंच सांगे. ज्या चळवळीचे पुढारी तुरुंगांत आणि बातम्या अंधारांत, ती चळवळ फार दिवस जगत नाहीं. हें ओळखून उषाबाई व त्यांचे कांहीं तरुण सहकारी यांनीं आपलाच एक रेडिओ काढण्याचें ठरविलें. बाबूभाई खाखर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी हे त्यांतील प्रमुख होत. उषाबाईंनीं अभ्यास बाजूस ठेवून घर सोडलें. डॉ. राम मनोहर लोहिया यांनाही अशीच कल्पना सुचली होती; ते ह्या मंडळींस येऊन मिळाले, आणि त्यांचें मार्गदर्शन ह्या कामास लाभलें.

त्या काळीं हें कृत्य केवढें धाडसाचें होतें हें आज सहज ध्यानांत यावयाचें नाहीं. दुसरें महायुद्ध ऐन भरांत होतें. युद्ध सुरू होतांच हौशी लोकांचे रेडिओ-प्रक्षेपणाचे परवाने सरकारनें बंद केले होते. अशा वेळीं गुप्त प्रक्षेपक चालविणें म्हणजे आपण होऊन दीर्घ तुरुंगवास ओढवून घेणें होतें. तरी यंत्राचे भाग मिळवून, जाणकार माणूस गांठून, प्रक्षेपक तयार झाला; आणि २७ ऑगस्ट १९४२ रोजीं उषाबाईंचा आवाज प्रथमच आकाशांत गेला. हा काँग्रेस रेडिओ असून तो ४२.३४ मीटरवर हिंदुस्थानांतील कोठून तरी बोलत आहे, एवढेंच त्यांनीं सांगितलें. हें ‘कोठून तरी’ म्हणजे खरोखर चौपाटीजवळील एका इमारतीचा वरचा मजला होता. त्यांचें जुनें कॉलेज तेथून हांकेच्या अंतरावर होतें!

४२.३४ मीटर म्हणजे काय, हें शास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. रेडिओच्या लहरी प्रकाशाच्याच वेगानें, म्हणजे सेकंदाला सुमारें ३ लाख किलोमीटर धांवतात. एका लहरीची लांबी ४२.३४ मीटर धरली तर सेकंदाला सुमारें ७१ लाख लहरी निघतात. ह्यांना लघुलहरी म्हणतात. जमिनीलगत जाणारी लहर डोंगरदऱ्यांत लवकरच क्षीण होते. आमच्या सह्याद्रीची भिंत आडवी आली म्हणजे तर विचारूंच नये. पण लघुलहरींचा एक विशेष असा आहे कीं, वर गेलेल्या लहरी वातावरणाच्या अति उंच भागांतील विद्युद्भारित थरावर आदळून पुन्हा पृथ्वीकडे वळतात. त्यामुळें त्या डोंगर ओलांडून शेंकडों कोस दूर जाऊन उतरतात. अशा रीतीनें एका लहानशा खोलींतील मंद आवाज मोठमोठे पर्वत ओलांडून जाई.

मात्र ज्या लहरी श्रोत्यांना सांपडतात त्या पोलिसांनाही सांपडतात. कड्याच्या आकाराची एक तार फिरवून पाहिली असतां लहर कोणत्या दिशेनें येते हें कळतें. दोन निरनिराळ्या ठिकाणांहून अशा दिशा काढून नकाशावर रेघा ओढल्या कीं त्या जेथें एकमेकींना छेदतील तेथें प्रक्षेपक असला पाहिजे, हें उघड आहे. पोलिसांच्या गाड्या अशीं यंत्रें घेऊन मुंबईच्या रस्त्यांवरून हिंडूं लागल्या. ह्यावर उपाय एकच होता: बोलणें थोडकें ठेवणें आणि बिऱ्हाड वारंवार बदलणें. चौपाटीहून लॅबर्नम रस्त्यावरील अजित व्हिला, वाळकेश्वरचा रतन महाल, महालक्ष्मीचा पॅरेडाइज बंगला, गिरगांवांतील पारेखवाडी अशीं ठिकाणें बदलत हा रेडिओ फिरत राहिला. एखाद्या मांजरीनें आपलीं पिलें तोंडांत धरून सात घरें फिरवावीं, तसें ह्या मंडळींनीं तें जड यंत्र जपलें. पुढें त्यांनीं भाषणें एका ठिकाणीं मुद्रित करून प्रक्षेपण दुसऱ्याच ठिकाणाहून करण्याची युक्ति योजिली. लहान वयांत शिकलेला तो निशाणाचा धडा हाच होता.

कार्यक्रमाच्या आरंभीं ‘हिंदोस्तां हमारा’ची तबकडी लागे व शेवटीं ‘वंदे मातरम्’ची. मधल्या वेळांत इंग्रजी व हिंदुस्थानी भाषांत बातम्या व भाषणें होत. निरनिराळ्या प्रांतांतून माणसें निरोप घेऊन येत, आणि वर्तमानपत्रांना जें छापण्याची छाती नव्हती तें ह्या रेडिओवरून देशास कळे. चितगांववरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियाचा उठाव यांच्या बातम्या अशाच दिल्या गेल्या. आपल्या विदर्भांतील आष्टी आणि चिमूर येथें ऑगस्टमध्यें काय घडलें व त्यानंतर तेथील लोकांवर कसे अत्याचार झाले, हेंही ह्याच आवाजानें देशाला सांगितलें. डॉ. लोहियांप्रमाणेंच अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत पुढारीही ह्या रेडिओवरून बोलत. विद्यार्थ्यांना, कामगारांना, शिपायांना, शेतकऱ्यांना उद्देशून वेगवेगळीं भाषणें होत.

एक गोष्ट येथें विसरतां कामा नये. ऐकणाऱ्यांनाही धाडस लागत असे. दारें-खिडक्या लावून, आवाज अगदीं लहान करून, कान यंत्राला चिकटवून लोक ऐकत; आणि ऐकलेलें शेजाऱ्याच्या कानांत सांगत. ‘कॅप्टन मिडनाइट’च्या बालश्रोत्यांना बिल्ला मिळत होता. ह्या श्रोत्यांना कसलाही बिल्ला मिळाला नाहीं. मिळाला तो भरंवसा, कीं आपण एकटे नाहीं.

असे सुमारें अडीच महिने गेले. १२ नोव्हेंबर १९४२ चा दिवस उजाडला. पोलिसांनीं बाबूभाईंच्या कचेरीवर छापा घातला. उषाबाई त्या वेळीं तेथेंच होत्या. त्यांनीं प्रसंगावधान राखून कांहीं महत्त्वाचे कागद व फिती तेथून बाहेर काढल्या. यंत्राचा जाणकार पोलिसांच्या हातीं लागला आहे आणि आतां ठिकाण उघडकीस येणार, हें कळून चुकलें. ह्या क्षणीं त्यांना दोन मार्ग मोकळे होते. यंत्र टाकून पळून जातां आलें असतें. कोणीही त्यांना नांवें ठेविलीं नसतीं. किंवा नेहमींच्या वेळीं शेवटचें प्रक्षेपण करतां आलें असतें. त्यांनीं दुसरा मार्ग पतकरला. शेंकडों माणसें आपापल्या खोल्यांत दिवे मालवून त्या आवाजाची वाट पाहत असतील. तो आवाज एकाएकीं मुका झाला तर त्यांनीं काय समजावें? हा विचार त्यांना स्वतःच्या सुटकेहून मोठा वाटला. चंद्रकांत झवेरी त्यांच्यासोबत निघाले. दोघें पारेखवाडींतील त्या खोलींत गेलीं आणि कार्यक्रम सुरू झाला.

बातम्या झाल्या, भाषण झालें, शेवटची तबकडी लागली; आणि दारावर धक्के बसूं लागले. एकामागून एक तीन दारें फोडून पोलिस आंत शिरले. तबकडी बंद करण्याचा हुकूम झाला. उषाबाईंनीं ती बंद केली नाहीं. हें राष्ट्रगीत आहे, तें चालूं असेपर्यंत सर्वांनीं सावधान उभें राहावें, असेंच त्यांनीं उलट त्या अधिकाऱ्यांना सांगितलें. इतक्यांत दिवे गेले. अंधारांत सर्वजण कंदिलाची वाट पाहत राहिले. खालीं उतरतांना जिन्याच्या पायरीपायरीवर पोलिस उभे होते. बावीस वर्षांच्या एका सडपातळ मुलीसाठीं एवढा बंदोबस्त! त्या जिन्यावरून उतरतांना आपणांस भीति न वाटतां उलट एखाद्या राणीला मानवंदना मिळावी तसें वाटलें, असें त्या पुढें हंसत सांगत असत.

येथपर्यंतची कथा सर्वांना आवडते. परंतु माझ्या मतें त्यांचें खरें धैर्य यापुढेंच दिसून आलें. धांवपळींत माणसाला भीति वाटावयास वेळच मिळत नाहीं; एकांतांत मात्र ती हळूहळू अंगांत भिनते. सहा महिने उषाबाईंना एकट्या कोठडींत ठेवून गुप्त पोलिसांनीं चौकशी चालविली. धाक दाखविला, तशीच लालूचही दाखविली. सहकाऱ्यांचीं नांवें सांगितल्यास परदेशीं उच्च शिक्षणाची सोय करण्यांत येईल, असेंही त्यांना सुचविण्यांत आलें. ज्या मुलीनें अभ्यास अर्धवट सोडला होता तिला विद्येचेंच आमिष दाखविणें, ह्यांत पोलिसांची चतुराई होती. पण त्यांना एक अक्षरही मिळालें नाहीं. पुढें विशेष न्यायालयांत खटला उभा राहिला. न्यायाधीशांच्या प्रश्नांना उत्तर देणें आपणांस बंधनकारक आहे काय, एवढेंच उषाबाईंनीं विचारलें. तें बंधनकारक नाहीं असें कळतांच त्या गप्प राहिल्या, त्या शेवटपर्यंत. ज्या आवाजानें सारा देश जागा ठेविला होता, त्याच आवाजाचें मौन आतां सहकाऱ्यांचें रक्षण करीत होतें.

गांधीजींना गुप्त कारवाया पसंत नव्हत्या, आणि १९४४ सालीं तुरुंगांतून सुटल्यावर त्यांनीं भूमिगतांना उघडपणें पुढें येण्यास सांगितलें, हें इतिहासांत नमूद आहे. मग गांधीजींच्या ह्या शिष्येनें गुप्त रेडिओ चालवावा हें योग्य होतें काय, असा प्रश्न एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचें एकच उत्तर सर्वांना पटेल असें नाहीं. परंतु इतकें खरें कीं, उषाबाईंनीं जें लपविलें तें ठिकाण. सत्य लपविलें नाहीं. सत्याचाच कोंडमारा झाला होता, त्याला त्यांनीं वाट करून दिली. आणि पकडल्यावर खोटें बोलून सुटण्याऐवजीं त्यांनीं मौन पाळून शिक्षा पतकरली. गुप्तता आणि असत्य ह्या दोन गोष्टी एक नव्हत, हें त्यांच्या वर्तनावरून दिसतें.

१९४३ सालीं निकाल लागला. बाबूभाईंना पांच वर्षें, उषाबाईंना चार वर्षें व चंद्रकांत यांना एक वर्ष अशा शिक्षा झाल्या. विठ्ठलदास झवेरी, तसेच यंत्रसामुग्री पुरविल्याचा आरोप ज्यांच्यावर होता ते शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवाने, हे दोघे निर्दोष सुटले. उषाबाईंची रवानगी पुण्याजवळील येरवड्याच्या तुरुंगांत झाली. मुंबईहून पुण्यास जाणारा लोहमार्ग काय किंवा सडक काय, दोन्ही बोरघाट चढून आमच्या लोणावळ्यावरूनच जातात. म्हणजे ती तरुण कैदी ह्याच डोंगरांच्या कुशींतून गेली असली पाहिजे. त्या दिवशीं तुंगार्लीच्या टेकडीवर गुरें राखणाऱ्या कोणा मुलाला त्याची वार्ताही नसेल. इतिहास पुष्कळदां असा आपल्या दारावरून मुकाट्यानें निघून जातो.

तुरुंगांत त्यांची प्रकृति ढांसळली. त्यांना मुंबईस जे. जे. रुग्णालयांत आणावें लागलें, आणि त्या रोगी मुलीच्या खाटेभोंवतीं रात्रंदिवस पोलिसांचा पहारा बसला. थोडें बरें वाटतांच पुन्हा येरवडा. १९४६ सालीं त्यांची सुटका झाली, पण शरीर पूर्ववत् झालें नाहीं. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं ज्या सोहळ्यासाठीं त्यांनीं सर्वस्व पणास लाविलें होतें, तो पाहण्यास त्या दिल्लीस जाऊं शकल्या नाहींत. त्या अंथरुणास खिळलेल्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर अनेकांनीं आपल्या त्यागाची हुंडी वटविली. उषाबाईंनीं पद किंवा सत्ता यांच्याकडे पाहिलें नाहीं. त्या पुन्हा पुस्तकांकडे वळल्या. गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून त्यांनीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. ज्या विल्सन कॉलेजांत त्या शिकल्या तेथेंच त्यांनीं अनेक वर्षें अध्यापन केलें, आणि पुढें मुंबई विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. १९८० सालीं त्या सेवानिवृत्त झाल्या. लॅबर्नम रस्त्यावरील मणिभवन ह्या गांधी-संग्रहालयाच्या कार्यांत त्यांनीं आपलें उर्वरित आयुष्य घातलें. ज्या रस्त्यावर एके काळीं त्या पोलिसांना चुकवीत यंत्र लपवीत होत्या, त्याच रस्त्यावर आतां शाळकरी मुलांना गांधीजींची गोष्ट सांगत बसत. पहांटे उठणें, साधें जेवण, खादीचें शुभ्र लुगडें, हा क्रम शेवटपर्यंत टिकला. स्वतंत्र भारतांतील लोभ व सत्तेची हांव पाहून त्यांना दुःख होई, आणि तें त्या स्पष्ट बोलूनही दाखवीत.

१९९८ सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मविभूषण ही पदवी दिली. दर वर्षीं ९ ऑगस्ट रोजीं गवालिया टँकच्या मैदानावर, म्हणजेच आजच्या ऑगस्ट क्रांति मैदानावर, होणाऱ्या समारंभास त्या न चुकतां जात. २००० सालींही अंगांत ताप असतांना त्या गेल्या. तेथून परतल्यावर दोनच दिवसांनीं, ११ ऑगस्ट २००० रोजीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं त्यांचें शांतपणें देहावसान झालें. जणूं ह्याही वेळीं नेमलेला कार्यक्रम पुरा करूनच त्यांनीं यंत्र बंद केलें. २०२४ सालीं त्यांच्या ह्या साहसावर एक हिंदी चित्रपटही निघाला.

विद्यार्थिमित्रहो, साहसाच्या गोष्टी आपणां सर्वांना आवडतात, आणि त्या आवडाव्यातच. परंतु गोष्टींतील वीराला एक मोठी सवलत असते: लेखक त्याला शेवटीं वांचविणारच, हें ठरलेलें असतें. उषाबाईंना अशी सवलत नव्हती. त्यांच्या अंगीं अचाट बळ नव्हतें, हातांत शस्त्र नव्हतें. होता तो एक आवाज. आणि तो केव्हां उंचवावा व केव्हां आवरावा हें ओळखणारें एक शुद्ध मन. आवाज आपणां प्रत्येकाजवळ आहे. वर्गांत दुबळ्या मुलावर अन्याय होत असतां तो उंचवावयास किती बळ लागतें, आणि मित्राचें नांव सांगून स्वतः सुटण्याचा मोह झाला असतां तो आवरावयास किती बळ लागतें, हें आपण सारे जाणतों.

पुढल्या पावसाळ्यांत तुंगार्लीच्या भिंतीवर उभे राहाल तेव्हां क्षणभर डोळे मिटून ऐका. धुक्यांतून घाटांतल्या गाडीची शिटी वर येईल. १९४३ सालीं ह्याच वाटेनें एक मुलगी तोंडांतून अवाक्षर न काढतां येरवड्याकडे गेली, ह्याची आठवण त्या शिटीबरोबर आली, तर हें चरित्र लिहिल्याचें सार्थक झालें असें मी समजेन.